उपकरण ऑफलाइन आहे

घरातल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे चित्र परगावी किंवा परदेशी बसून मोबाइलवर दिसणे, ही सोय सहा जणांच्या एकमतावर अवलंबून असते: कॅमेरा, त्याच्या वायरी जिथे येऊन मिळतात तो डीव्हीआर, राउटर, इंटरनेटवाल्याची लाइन, कॅमेरा कंपनीचा सर्व्हर आणि फोनमधले ॲप. सहापैकी एकाने जरी अंग काढून घेतले तरी फोनवर एकच वाक्य उमटते: उपकरण ऑफलाइन आहे. अंग कोणी काढले, हे ॲप सांगत नाही. ते हुडकून काढायचे काम घरच्यांचे, आणि ज्यांना विचारावे त्यांची उत्तरे ठरलेली. कॅमेरावाला म्हणतो, तुमच्या नेटचा प्रॉब्लेम आहे. नेटवाला म्हणतो, आमच्याकडून ओके दाखवतंय. कंपनीचे ग्राहक सेवा केंद्र म्हणते, एकदा बंद करून चालू करा. तिघेही आपापल्या जागी बरेचदा खरेच बोलत असतात, पंचाईत होते ती त्यामुळेच.

या सोयीची दोन घराणी आहेत. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या नर्सने नवऱ्याच्या मदतीने, दाराबाहेरचा माणूस झोपायच्या खोलीतल्या पडद्यावर दिसेल अशी यंत्रणा आखली. १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये ते मिळाले. अपरात्री दार वाजले तर उघडण्याआधी कोण आले आहे ते कळावे, एवढाच हेतू. दुसरे घराणे केंब्रिज विद्यापीठाचे. १९९१ मध्ये तिथल्या संगणक प्रयोगशाळेतल्या लोकांनी कॉफीच्या भांड्यासमोर एक कॅमेरा बसवला, कारण जिने चढून जावे आणि भांडे रिकामे निघावे याचा त्यांना वैताग आला होता. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर आले आणि परक्याच्या भांड्यात कॉफी शिल्लक आहे का, हे जगभरचे लोक बघू लागले. मराठी घरात कॅमेरे विकत घेतले जातात पहिल्या घराण्याच्या नावाने आणि वापरले जातात दुसऱ्याच्या रीतीने. चोर दिसण्याचा योग बहुतेकांना येत नाही. मावशी किती वाजता आल्या, कुरिअरवाला पार्सल कुठे टाकून गेला आणि नको नको म्हणताना बाबा स्टुलावर चढले का, हे मात्र रोज पाहिले जाते. म्हणून चित्र गेले की जी घबराट उडते ती सुरक्षेची कमी आणि सवयीची जास्त असते.

तपासाचा पहिला प्रश्न साधा आहे आणि तो बहुधा कोणी विचारत नाही: एकच कॅमेरा गेला की सगळे? चार चौकटींपैकी एकच काळी असेल तर दोष त्या कॅमेऱ्याचा, त्याच्या वायरीचा किंवा पिनेचा. इंटरनेटचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही, आणि अशा वेळी राउटर बंद-चालू करणे हा निव्वळ व्यायाम होतो. ॲप उघडते, डीव्हीआर ऑनलाइन दिसतो, पण चारही चौकटींत ‘व्हिडिओ लॉस’ येतो, तेव्हा कॅमेऱ्यांना बारा व्होल्ट पुरवणारा एसएमपीएसचा डबा गेलेला असतो. या डब्यात पालीने देह ठेवल्याच्या कथा कॅमेरावाले आवडीने सांगतात. आणि ॲप डीव्हीआरलाच ओळख देत नसेल, तर मात्र डीव्हीआरपासून पुढे शोध घ्यावा लागतो. तो घरातून बाहेर असाच घ्यायचा. उलट क्रमाने, म्हणजे परदेशातल्या फोनपासून सुरुवात केली की ॲप काढून पुन्हा टाकले जाते आणि त्या नादात पूर्वी आठवत नसलेला पासवर्ड आता विचारलाही जातो.

डीव्हीआरच्या बाबतीत सर्वांत आधी पाहायचे ते, त्याला वीज मिळते आहे का. ही तपासणी लांबून करायची म्हणजे घरातल्या ज्येष्ठांकडून करून घ्यायची, आणि ती साधारण पुढील वळणांनी जाते. पुण्यात सकाळचे सात वाजलेले असतात, न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेनऊ.

‘‘बाबा, कॅमेरे दिसत नाहीयेत.’’

‘‘आम्हाला दिसतंय की सगळं.’’

‘‘तुम्हाला काय दिसतंय?’’

‘‘घर.’’

‘‘बाबा, डीव्हीआरचा दिवा लागलाय का, तेवढं बघा. टीव्हीखालचा काळा बॉक्स.’’

‘‘तो सेट टॉप बॉक्स आहे.’’

‘‘त्याच्या खालचा.’’

‘‘त्याच्या खाली आईनं विणलेला रुमाल आहे.’’

‘‘रुमालाच्या खाली बघा.’’

‘‘थांब, चष्मा आणतो.’’

चष्मा येईपर्यंत न्यू जर्सीत दहा वाजायला येतात. दिवा लागलेला नाही असे निष्पन्न होते. प्लग कुठे आहे याची चौकशी सुरू होते, तोच स्वयंपाकघरातून आवाज येतो: ‘‘त्याला म्हणावं, मखराच्या माळेला प्लग हवा होता. अनंत चतुर्दशीपर्यंत थांब!’’ या निकालावर अपील नसते. गणपती गेल्यावर चित्र परत येते आणि मधल्या दहा दिवसांचे रेकॉर्डिंग नसते. मखर नसलेल्या महिन्यांत हाच प्लग मिक्सरसाठी, इस्त्रीसाठी किंवा पाहुण्यांच्या चार्जरसाठी निघतो. विजेचा दुसरा घोळ इन्व्हर्टरचा. लाइट गेली की पंखा आणि टीव्ही इन्व्हर्टरवर चालू राहतात, म्हणून घर चालू आहे असे घरच्यांना वाटते. राउटरचा प्लग त्या लाइनवर घ्यायचे मात्र राहिलेले असते. अंधारात बुडालेला घरातला तो एकच कोपरा, आणि नेमका बाहेरून घर दिसायचा तोच एक मार्ग.

वीज आहे म्हटल्यावर लॅनची वायर पाहावी. डीव्हीआरच्या मागे जिथे ही वायर घुसते तिथे दोन बारके दिवे असतात. जोडणी नीट असेल तर एक स्थिर असतो आणि एक लुकलुकतो. दोन्ही विझलेले असतील तर वायर बाहेर सरकली आहे. जॅकवरची प्लॅस्टिकची चिमुकली जीभ पहिल्या सहामाहीत तुटते आणि त्यानंतर ती वायर केवळ सवयीने जागेवर बसून असते. झाडताना झाडूचा धक्का लागला, की सवय मोडते. यावर नवीन जॅक बसवणे हा उपाय आहे. दोऱ्याने बांधणे हा उपाय नाही, पण प्रचलित आहे.

सगळ्यात फसवा दोष राउटर बदलल्यावर येतो. घरात नवीन फायबर येते, नेट पहिल्यापेक्षा तिप्पट वेगाने धावते, फोन-टीव्ही-लॅपटॉप सगळे खुशीत असतात आणि कॅमेरे त्याच दिवसापासून बंद. घरात प्रत्येक यंत्राला राउटर एक अंतर्गत पत्ता देतो. जुना राउटर १९२.१६८.१ या आकड्यांच्या मालिकेतले पत्ते देत होता, नवा १९२.१६८.० किंवा आणखी कुठल्या मालिकेतले देतो. फोन मिळेल तो पत्ता घेतो. डीव्हीआरला मात्र कॅमेरावाल्याने बसवतानाच हाताने पत्ता टाकून दिलेला असतो, जसा १९२.१६८.१.१०८. तो बिचारा जुन्या पत्त्यावर हटून बसतो, नवीन राउटर त्याला ओळखत नाही आणि दिवे मात्र व्यवस्थित लुकलुकत राहतात. वायर ठीक, वीज ठीक, नेट उत्तम. दोष दिसतच नाही. यावर उपाय एका मिनिटाचा आहे: डीव्हीआरला टीव्ही आणि माउस जोडावा, नेटवर्कच्या पानावर जावे आणि डीएचसीपी या शब्दापुढे खूण करावी. एका मिनिटापूर्वीचा अर्धा दिवस माउस शोधण्यात जातो. तो डीव्हीआरच्या खोक्यात असतो, खोके माळ्यावर असते आणि माळ्यावर चढायला बाबांना मनाई असते.

नेटवाल्याची लाइनच गेली असेल तर ते कळायला फार अक्कल लागत नाही. भिंतीवरच्या फायबरच्या डबीवर ‘लॉस’ म्हणून ओळखला जाणारा दिवा लाल होतो. त्यामागे रस्ता खणणारा जेसीबी असतो, पावसाळ्याआधी फांद्या तोडणारे असतात किंवा शेजारच्या सोसायटीच्या गच्चीवरून गेलेली केबल कोणीतरी कपडे वाळत घालायला सोयीची म्हणून हलवलेली असते. तक्रार नोंदवावी आणि थांबावे. इथे कॅमेऱ्यांवर हात चालवून उपयोग नाही.

खरी मौज सुरू होते ती घरात दिसते पण बाहेर दिसत नाही या तक्रारीपासून. तिचे मूळ बसवण्याच्या दिवशीच्या प्रात्यक्षिकात आहे. कॅमेरावाला काम संपवून घरमालकाच्या फोनमध्ये ॲप टाकतो, चित्र दाखवतो, ‘‘आता अमेरिकेतूनसुद्धा दिसेल काका’’ म्हणतो, पैसे घेतो आणि जातो. त्या क्षणी फोन घरच्याच वायफायवर असतो. डीव्हीआर आणि फोन एकाच राउटरच्या दोन बाजूंना, मध्ये चार फूट हवा. त्या जोडणीने अमेरिकेबद्दल काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध करायचे तर फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर चित्र येते का ते पाहावे. ही परीक्षा बिल चुकते करण्याआधी घ्यावी, नंतर घेतली तर परीक्षक एकटाच उरतो.

घरात चालते आणि बाहेर का चालत नाही, हे समजायला इंटरनेटवरच्या पत्त्यांची टंचाई माहीत हवी. आजही मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. प्रत्येक माणसाच्या खिशात एक आणि घरात पाच यंत्रे असणार, हे ती पद्धत ठरवणाऱ्यांच्या गावीही नव्हते. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. टंचाईवरचा जुना उपाय असा, की घराला बाहेरचा एकच पत्ता द्यायचा आणि आतल्या यंत्रांना राउटरने आपले खासगी पत्ते वाटायचे. मोठ्या सोसायटीला जसे एकच फाटक आणि आत फ्लॅटचे नंबर. आतला माणूस केव्हाही बाहेर जाऊ शकतो. बाहेरच्याने ‘‘१०८ मध्ये जायचंय’’ म्हटले, तर वॉचमनला आधी सूचना असावी लागते. ही सूचना देऊन ठेवणे म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. अमुक क्रमांकाच्या दरवाजावर कोणी आले तर त्याला थेट डीव्हीआरकडे सोडायचे, असे राउटरला लिहून द्यायचे. कित्येक वर्षे कॅमेरे बाहेर दिसायचे ते याच युक्तीने, आणि ती जमणाऱ्या कॅमेरावाल्याला गावात मान असे.

पुढे टंचाई वाढली आणि इंटरनेट कंपन्यांनी घराघराला द्यायचा तो एक पत्ताही राखून ठेवला. शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता, आणि घराच्या वाट्याला कंपनीच्या आवारातला एक आतला पत्ता. २०१२ च्या एप्रिलमध्ये अशा वापरासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची मालिका अधिकृतपणे बाजूला काढली गेली. म्हणजे सोसायटीच्या फाटकाबाहेर आता कंपनीचे आणखी एक फाटक, आणि त्याच्या वॉचमनला सूचना द्यायचा अधिकार गिऱ्हाइकाला नाही. या परिस्थितीत घरच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग कितीही मन लावून केले तरी ते फुकट जाते. आपण या अवस्थेत आहोत का, हे ओळखायची खूण पक्की आहे: राउटरच्या पानावर ‘वॅन’समोर दिसणारा पत्ता आणि ‘माझा आयपी कोणता’ सांगणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळावरचा पत्ता ताडून पाहावा. दोन्ही वेगळे असतील, किंवा पहिला १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल, तर राउटरशी झटापट थांबवावी. स्वतंत्र कायमचा पत्ता जास्त पैसे भरून मिळतो, पण घरगुती कनेक्शनवर तो मागितला की फोन या विभागातून त्या विभागात फिरू लागतो.

शिवाय बाहेरच्याला दार उघडून ठेवण्यात धोका आहेच. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याची विद्या फार खोल नव्हती. कारखान्यातून येताना असलेली युजरनेम आणि पासवर्ड यांची साठेक जोड्यांची यादी त्याच्याजवळ होती आणि ती तो एकेक करून लावून बघत असे. इतकी यंत्रे त्यातल्या एखाद्या जोडीला बळी पडली, की २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्या एकत्र माऱ्याने ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेच्या बऱ्याच भागात काही तास मिळेनाशा झाल्या. घर सांभाळायला बसवलेली यंत्रे घराच्या नकळत बाहेर मारामारी करून आली होती.

म्हणून आता बहुतेक कंपन्या दुसरा मार्ग वापरतात. डीव्हीआरच स्वतः बाहेर जाऊन कंपनीच्या सर्व्हरपाशी हजेरी लावतो. आतून बाहेर जाणाऱ्याला कोणताच वॉचमन अडवत नाही, त्यामुळे दोन फाटके असली तरी बिघडत नाही. फोनमधले ॲपही त्याच सर्व्हरकडे जाऊन चौकशी करते आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. जमले तर दोघे थेट बोलतात, नाही जमले तर चित्र सर्व्हरमार्फत फिरून येते. यासाठी डीव्हीआरवरचा क्यूआर कोड एकदा स्कॅन करायचा असतो. तो कोड यंत्राच्या तळाशी असतो, त्यामुळे यंत्र रुमालासकट उचलावे लागते आणि वर सांगितलेली लॅनची वायर याच वेळी निघते.

स्कॅन केल्यावर पुष्कळदा उत्तर येते: हे उपकरण आधीच दुसऱ्या खात्याला जोडलेले आहे. ते दुसरे खाते कॅमेरावाल्याचे. बसवताना त्याने घाईत स्वतःच्याच नंबरवर नोंदणी केलेली असते. तो आता कॅमेऱ्यांचा धंदा सोडून सोलरमध्ये गेलेला असतो, आणि त्याने ॲप काढून टाकलेले नसेल तर त्या घराचा दिवाणखाना त्याला अजूनही दिसतो. हा विनोदाचा भाग नाही. नोंदणी घरातल्या माणसाच्या नंबरवर आणि ई-मेलवर हवी. बाकीच्यांना ॲपमधूनच ‘शेअर’ करून द्यावे. परदेशातल्या मुलाच्या नंबरवर केली तर ओटीपी येतो तेव्हा तो झोपलेला असतो. त्याच्या भारतातल्या जुन्या नंबरवर केली तर ते सिमकार्ड कपाटातल्या डबीत असते.

पासवर्डची गोष्ट वेगळी. कॅमेरावाला सगळ्या कॉलनीला एकच पासवर्ड देतो, तो लक्षात ठेवायची त्याची ती पद्धत. तो बदलून नवा ठेवणे सक्तीचे मानावे, मिराईची यादी आठवावी. नवा पासवर्ड घरात लिहून ठेवला जातो तो कालनिर्णयवर, डिसेंबरच्या पानाच्या कोपऱ्यात, म्हणजे वर्षभर हाताशी राहील म्हणून. जानेवारीत कालनिर्णय बदलते, जुने रद्दीत जाते आणि घराची किल्ली रद्दीवाल्याबरोबर वजनावर विकली जाते. विसरलेला पासवर्ड परत मिळवायचा तर बऱ्याच डीव्हीआरना टीव्हीच जोडावा लागतो आणि मिळणारा कोड नोंदवलेल्या ई-मेलवर जातो. ई-मेल कोणाचा, ते वर आलेच आहे.

चित्र येते पण गोल गोल फिरत राहते, ही तक्रार अपलोडच्या वेगाची. इंटरनेटवाले जाहिरातीत सांगतात तो वेग घरात येणाऱ्या माहितीचा. कॅमेऱ्यांना हवा असतो घरातून बाहेर जाणारा. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा पूर्ण दर्जाच्या चित्रासाठी सेकंदाला चार मेगाबिटच्या आसपास मागतो. असे चार कॅमेरे एकदम उघडले की सोळा झाले. म्हणून डीव्हीआर प्रत्येक कॅमेऱ्याचे एक हलके चित्रही बनवतो, त्याला सबस्ट्रीम म्हणतात, आणि चार चौकटी एकत्र पाहताना ॲप तेच दाखवते. ते बरेचदा ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे असते. त्यावरून ‘‘आई, तू फार बारीक झाल्येस’’ असे निष्कर्ष काढू नयेत.

घड्याळाचाही एक दोष आहे. डीव्हीआरची वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळते, पण कालविभाग चीनचाच राहिलेला असेल तर ती बरोबर अडीच तास पुढे दिसते. आठ वाजता आलेल्या मावशी ॲपवर साडेदहाला येतात. अशा घरात मावशींशी भांडण आधी होते आणि सेटिंग नंतर सापडते.

राहता राहिला फोन. बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगखाली ॲप झोपवले गेले असेल तर सूचना येत नाहीत. ॲपला त्यातून सूट द्यावी. ॲप खूप जुने असेल तर अपडेट करावे. फोनबद्दल याहून जास्त सांगण्यासारखे काही नाही, कारण दोष तिथे क्वचितच असतो, जरी पहिला राग नेहमी त्याच्यावरच निघत असला तरी.

तेव्हा कॅमेरावाल्याला बोलावण्याआधी प्लग, लॅनची वायर, राउटर आणि मोबाइल डेटा या क्रमाने एकदा पाहून घ्यावे. प्लग निघालेला असो की हार्ड डिस्क गेलेली असो, व्हिजिट चार्ज तेवढाच पडतो.